‘लॉस कव्हर झाला की बंद’

‘एवढा शिकलेला मुलगा, त्याला कळत नाही का?’

ऑनलाइन गेमच्या पायी मुलगा कर्जात बुडाला की आईबाप पहिला प्रश्न हाच विचारतात. ठाण्याच्या नौपाड्यात तर हमखास, कारण इथली घरं शिक्षणावर उभी राहिली आहेत. घंटाळी, विष्णुनगर, भास्कर कॉलनी, राम मारुती रोड. इथल्या इमारतींत बँकेतून निवृत्त झालेले काका राहतात, गणिताच्या शिक्षिका राहतात, सीएच्या परीक्षेला बसलेली पोरं राहतात. मुदत ठेवीला कोणती बँक पाव टक्का जास्त देते याची चर्चा इथे जेवताना होते. अशा घरातला पंचविशीचा इंजिनीअर मुलगा रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या पत्त्यांच्या एका डावावर अर्धा पगार लावतो, तेव्हा त्याला टक्केवारी येत नाही असं कोण म्हणेल?

त्याला कळतं. सगळं कळतं. आपण हरतोय हे कळतं, खेळ चालवणारा जिंकतोय हे कळतं, कर्जाचं व्याज दर आठवड्याला किती चढतंय हे तर आपल्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं. पण बोट पडद्यावर टेकवायच्या क्षणी हे कळणं त्याच्या कामाला येत नाही. आजार नेमका तिथे आहे. हे घरच्यांच्या, शाळेच्या आणि सरकारच्या डोक्यात उतरत नाही तोवर आपण देतोय ते उपदेश, घालतोय त्या शपथा आणि छापतोय त्या सूचना वाया जाणार आहेत.

हे मी मनाचं सांगत नाही. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ माथियास ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली फाशाची एक चाचणी मांडली. संगणकाच्या पडद्यावर एक फासा. तुमच्या नावावर लुटुपुटीचे एक हजार युरो. फासा अठरा वेळा पडणार आणि दर वेळी तुम्ही आधी पैज लावायची. एकाच आकड्यावर लावली आणि तो पडला तर हजार मिळणार, नाही पडला तर हजार जाणार. दोन आकड्यांवर लावली तर पाचशेचा फायदा किंवा पाचशेचा तोटा. तीन आकड्यांवर दोनशे, चार आकड्यांवर शंभर. यात लपवाछपवी काही नाही. नियम आधी समजावून सांगतात आणि खात्यात किती उरले ते सतत समोर दिसत राहतं.

आता हिशेब करा. सहा वेळा एकेका आकड्यावर पैज लावली तर सरासरीनं एकदा जिंकाल, पाचदा हराल. हजार आले, पाच हजार गेले, म्हणजे चार हजारांचा खड्डा. त्याच सहा वेळा चार-चार आकड्यांवर लावली तर चारदा शंभर येतील, दोनदा जातील. दोनशे पदरात. सातवीतल्या मुलाला सुटेल असं गणित आहे.

ही चाचणी पहिल्यांदा वापरली गेली ती दारूनं मेंदू पोखरलेल्या, स्मरणशक्ती गमावलेल्या रुग्णांवर. ते वाईट खेळले, यात नवल नव्हतं. पण २०११ साली पाव्हलिकोव्स्की आणि ब्रँड या दोघांनी हाच फासा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम बेसुमार खेळणाऱ्या धडधाकट माणसांपुढे ठेवला. लक्षात घ्या, हा गेम म्हणजे जुगार नव्हे. राक्षस मारायचे, टोळी जमवायची, एकेक पायरी वर चढायची. पैजेचा संबंध नाही. तरीही, न खेळणाऱ्यांच्या मानानं, ही मंडळी धोक्याच्या पैजांकडे जास्त वळली. आकडे समोर, नियम समोर, उरलेले पैसेसुद्धा समोर, आणि तरी वळली. त्यानंतर गेमच्या व्यसनात सापडलेल्यांवर इतर देशांत ज्या चाचण्या झाल्या, त्यांतल्याही बऱ्याचशा याच बाजूला झुकल्या.

ज्याला दूरचं दिसत नाही त्याच्या कानात ‘नीट बघ’ म्हणून ओरडल्यानं फळ्यावरची अक्षरं स्पष्ट होत नाहीत. आपण घराघरांत तेच करतोय.

दुसरी चाचणी याहून जुनी, आयोवा विद्यापीठातली, १९९४ सालची. बेशारा, दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्यांच्या चार गड्ड्या मांडल्या. दोन गड्ड्यांत दर पत्त्याला मोठं बक्षीस, पण मधूनच जबर दंड. खेळत राहिलात तर निव्वळ तोटा. उरलेल्या दोन गड्ड्यांत बक्षीस निम्मं, दंडही बेताचा. खेळत राहिलात तर फायदा. इथे मात्र कुणी काही सांगत नाही, पत्ते उलटत उलटत शिकायचं. साधारण माणूस चाळीस-पन्नास पत्त्यांत शहाणा होऊन सावध गड्ड्यांकडे सरकतो. १९९७ साली याच मंडळींनी दाखवलं की वाईट गड्डीकडे हात जायच्या आधी माणसाच्या तळहाताला घाम सुटू लागतो, आणि तो का सुटतो हे माणसाला सांगता यायच्याही आधी सुटतो. शरीर आधी थबकतं, डोकं मागून येतं. कपाळामागच्या मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या रुग्णांना असा घाम येईना, आणि ते वाईट गड्डीच उपसत बसले. गेमच्या व्यसनात अडकलेल्यांना या चार गड्ड्यांसमोर बसवलं तेव्हा त्यांच्याही निवडी अनेक अभ्यासांत निरोगी माणसांपेक्षा वाईट निघाल्या. मोठ्या बक्षिसाची ओढ सुटता सुटत नाही आणि दंडातून धडा घेतला जात नाही.

रात्री दोन वाजता ‘पे’ दाबताना हात थबकायला हवा. तो थबकत नाही. याला हट्ट म्हणू नका, माज तर मुळीच म्हणू नका.

बरं, हरल्यावर जास्त धाडस करणं ही फक्त व्यसनी माणसाची खोड आहे असंही नाही. कानमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली लोकांना विचारलं होतं: तीन हजारांचा नक्की तोटा पत्करता, की चार हजारांचा तोटा व्हायची शंभरात ऐंशी शक्यता आणि काहीच न जाण्याची वीस? दुसऱ्या पर्यायात सरासरी तोटा जास्त आहे. तरीही शंभरातल्या ब्याण्णव जणांनी तोच घेतला. नक्की झालेलं नुकसान गिळण्यापेक्षा मोठ्या नुकसानीचा जुगार माणसाला बरा वाटतो. ही तुमची-माझी, सगळ्यांची घडण आहे. गेम बनवणाऱ्यांना ती पाठ आहे.

म्हणून या पोरांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘लॉस कव्हर झाला की बंद.’ ठाण्यात म्हणा, डोंबिवलीत म्हणा, कल्याणला म्हणा, वाक्य बदलत नाही. कुणी जिंकण्यासाठी खेळत नसतो. गेलेलं परत आणून, घरच्यांना कळायच्या आत, सगळं होतं तसं करून ठेवायचं असतं. पाच हजार गेले की ते आणायला दहा, दहा गेले की ते आणायला वीस.

नागपूरचं २०२३ च्या जुलैमधलं प्रकरण आठवून पाहा. एका व्यापाऱ्याला गोंदियाच्या बुकीनं व्हॉट्सॲपवर ऑनलाइन जुगाराची लिंक दिली, खात्यात सुरुवातीचे पैसे दिसले, थोडं जिंकताही आलं. पोलिसांत गेला तोवर त्याचे ५८ कोटी गेले होते. जिंकलेले होते ५ कोटी. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा बुकीच्या घरात कोट्यवधींची रोकड आणि काही किलो सोनं सापडलं. फसलेला माणूस काही कोवळा पोरगा नव्हता. आयुष्यभर खरेदी-विक्री केलेला व्यापारी होता, नफ्या-तोट्यावर ज्याचं घर चालतं असा. हिशेब येणं म्हणजे वाचणं असतं तर तो वाचला असता.

जुगार काय, आपल्याकडे आधीही होता. मुंबईत कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी साठच्या दशकात मटका उभा केला, त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर आकडा लागायचा. गिरणगावात त्यानं किती संसार पोळले ते त्या पिढीला विचारा. मी मटक्याची बाजू घेत नाही. पण मटक्याला वेळ होती. ओपन आला, क्लोज आला, संपलं. मधले तास माणूस मोकळा असायचा. आकडा लावायला चालत जावं लागायचं, खिशातल्या नोटा मोजाव्या लागायच्या, आणि नाक्यावर कुणीतरी ओळखीचं बघायचं. कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्या लोकलमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी चालायची. तिलाही स्टेशन होतं. उतरायची वेळ आली की डाव मोडायचा.

फोनवरच्या डावाला स्टेशन नाही. हे कसं घडवलंय ते एकदा शांतपणे बघा. आत शिरताना खऱ्या रुपयांची नाणी होतात, हिरे होतात, ‘यूसी’ होतात. शंभराची नोट हातातून गेली तर टोचते, चकाकणारे साठ ‘यूसी’ गेले तर टोचत नाहीत. पुढे एक पेटी येते. तिच्यात काय आहे ते पैसे भरल्याशिवाय दिसत नाही. हवी ती बंदूक, हवा तो पोशाख अगदी पुढ्यात येऊन सरकतो आणि शेजारच्या खणावर काटा थांबतो. थोडक्यात हुकलं, असं वाटतं. पुन्हा भरा. बक्षीस दर वेळी मिळत नाही, कधीतरी अचानक मिळतं, आणि असंच बक्षीस सवय सर्वांत घट्ट बसवतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मानसशास्त्राला गेल्या शतकापासून माहीत आहे. बेल्जियमनं अशा पैशांच्या पेट्यांना २०१८ साली सरळ जुगार ठरवलं. आपल्याकडे त्याच पेट्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात आहेत.

जोगेश्वरीचा तो सोळा वर्षांचा मुलगा आठवतो? ऑगस्ट २०२१. पब्जीसाठी आईच्या बँक खात्यातले दहा लाख रुपये गेले. घरात बोलणी बसली आणि मुलगा चिठ्ठी ठेवून निघून गेला. पोलिसांना तो अंधेरीत महाकाली गुंफांच्या परिसरात सापडला आणि सुखरूप घरी आला. दहा लाख, आणि त्यांतून एक पैसाही परत यायची आशा नव्हती, कारण हा पैजेचा खेळच नव्हता. म्हणून ‘आमचा तो जुगार खेळत नाही हो, साधा गेम खेळतो’ या वाक्यावर निर्धास्त होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात जुगाराचा विकार आणि गेमचा विकार लागोपाठच्या क्रमांकांवर, शेजारी शेजारी आहेत. लक्षणंही जवळपास तीच: ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं.

पैशांच्या खेळांच्या जाहिरातीच्या शेवटी एक वाक्य धावत्या आवाजात म्हटलं जायचं. या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, आपल्या जबाबदारीवर खेळा. ज्याला सवय लागलेली नाही त्याला या वाक्याची गरज नव्हती. ज्याला लागली आहे त्याची जबाबदारीनं ठरवण्याची ताकदच खचलेली असते. म्हणजे ते वाक्य ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं, बोलणाऱ्याला वाचवायला होतं. ते म्हणण्यासाठी आणि त्याआधीचं गोड बोलण्यासाठी मोठमोठे खेळाडू आणि नट पैसे घेत होते. तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये याच कारणानं सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घराबाहेर आंदोलन केलं, तेव्हा अनेकांना तो आचरटपणा वाटला. मला त्यांचा आक्षेप रास्त वाटला होता आणि आजही वाटतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला फँटसी क्रिकेटच्या ॲपवर दीड कोटी लागले. नंतर खात्यानं त्याला निलंबित केलं. पण बातमीतला लक्षात राहिला तो दीड कोटींचा आकडा. हरलेल्यांची बातमी होत नाही. लाखो माणसं एकेका सामन्याला गपचूप हरतात आणि एकाचा हसरा फोटो प्रत्येक फोनवर पोचतो. ज्याचा निर्णय आधीच डळमळलेला आहे त्याला हा एक फोटो पुरतो.

सरकारनं उशिरा का होईना, पाऊल टाकलं. ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण कायदा त्याला गुन्हेगार समजत नाही. हे योग्यच झालं. तेव्हा सरकारनं स्वतःच सांगितलेला अंदाज होता: ४५ कोटी लोकांना याची झळ, वर्षाला २० हजार कोटींहून जास्त रुपयांचं नुकसान.

त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधिमंडळात काय घडलं तेही विसरू नये. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवारांनी समोर आणली. कोकाट्यांचं म्हणणं होतं की आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो. जुलैअखेर त्यांचं कृषी खातं काढलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं दिलं. रमीच्या वादातून बाहेर पडलेल्या मंत्र्याकडे राज्यातल्या तरुणांचं कल्याण सोपवताना कुणालाच संकोच वाटला नाही, याचा मला तेव्हा संताप आला होता.

कायद्यानं मोठी दुकानं बंद केली. पण हरलेले पैसे परत आणायची तहान कायद्यानं भागत नाही. परदेशी ॲप आहेत, टेलिग्रामवरून मिळणाऱ्या ‘आयडी’ आहेत, दुसऱ्याच्याच नावावरची खाती आहेत. आधी निदान कंपनीचं नाव-गाव होतं, आता पैसे कुणाच्या खिशात गेले तेही समजत नाही. शिवाय पेट्या, पोशाख आणि बंदुका विकणारे गेम पूर्वीसारखेच चालू आहेत. म्हणजे कामाचा मोठा वाटा अजून घरावरच आहे.

आणि इथेच मला घरच्यांशी बोलायचं आहे. कटू बोलणार आहे.

मुलगा कर्जात सापडला की घर काय करतं? वसुलीवाल्याचा फोन आधी मामाला येतो, कारण कर्जाच्या ॲपनं मुलाच्या फोनमधले सगळे नंबर उचललेले असतात. मामा आईला सांगतो. आई मुलाला खोलीत घेते, दार लावते. तो रडतो. शेवटचं, पुन्हा नाही, तुझी शपथ. आई म्हणते, ‘बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना बीपी आहे.’ दुसऱ्या दिवशी ती पिशवीत पाटल्या घालून सोनेतारणवाल्याकडे जाते. शेजारणीला सांगते, पॉलिश करायला दिल्यात. कर्ज फिटतं. घर शांत होतं. चार-सहा महिन्यांनी पुन्हा फोन येतो, आणि आता आकडा तिप्पट असतो. या वेळी बाबांना कळतं. ते मुदत ठेव मोडतात आणि आजोबांना सांगत नाहीत. तिसऱ्यांदा गावाकडच्या जागेचा विषय निघतो.

हे घर काय करतंय ते नीट पाहा. ‘आधीच एवढे घातलेत, एवढ्यानं सुटला तर सुटला.’ पाटल्या गेल्या म्हणून ठेव, ठेव गेली म्हणून जागा. मुलगा पडद्यावर करतो तेच आईबाप खोलीचं दार लावून करताहेत. तोसुद्धा लॉस कव्हरच आहे. दोघांनाही नक्की झालेलं नुकसान कबूल करायचं नाही. मुलाच्या बाबतीत नुकसान पैशांचं असतं, आईबापांच्या बाबतीत इभ्रतीचं. आणि दर फेडीमधून मुलाच्या मेंदूला एकच धडा मिळतो: दंड कितीही मोठा असो, तो दुसरं कुणीतरी भरतं. चार गड्ड्यांतली जी वाईट गड्डी त्यानं सोडायला हवी होती, तिच्यातला दंडाचा पत्ता आपण आपल्या हातानं काढून घेतो. मग तो शिकणार कुठून?

याहून वाईट निर्णय पुढे असतो. कुणीतरी नातेवाईक सुचवतो, ‘लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल.’ मुलीकडच्यांना पगार सांगितला जातो, कर्ज सांगितलं जात नाही. मी हे स्पष्ट लिहितो: ही फसवणूक आहे. आपल्या मुलाच्या व्यसनावर दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य पैजेला लावायचा अधिकार कुठल्याही आईबापाला नाही. बायको म्हणजे औषध नव्हे. पहिला मोठा फटका तिच्याच दागिन्यांना बसणार असतो आणि हे घरातल्या प्रत्येकाला मनातून ठाऊक असतं.

मग करायचं काय? ज्याचा निर्णय दुबळा झालाय त्याच्यापुढे रोज निर्णय ठेवायचे नाहीत. रोज रात्री ‘आज खेळू की नको’ हा प्रश्न एकट्यानं सोडवायला लागला तर तो कधी ना कधी हरणारच. प्रश्नच त्याच्यापुढून उचलायचा. पगाराचं खातं काही काळ जोडखातं करा, खर्चापुरते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करता येते, ती करा. पिन न टाकता छोटे पैसे जाणारी ‘लाइट’ सोय बंद करा. ‘यूपीआय सर्कल’मध्ये दुसऱ्याच्या प्रत्येक पेमेंटला तुमची मंजुरी लागेल अशी व्यवस्था करता येते, आणि आपल्याकडे फारच थोडे आईबाप ती वापरतात. लहान मुलाच्या फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा आणि तो पासवर्ड म्हणून त्याची जन्मतारीख ठेवू नका. हे सगळं त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनं व्हायला हवं, चोरून नव्हे. वय वाढलेल्या मुलाचा फोन हिसकावला तर तो दुसरा आणतो. ‘मला स्वतःला आवरत नाही, तुम्ही किल्ली ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून यायला वेळ लागतो. पण ते आलं की अर्धी लढाई झाली.

कर्जाचं म्हणाल तर फेडायच्या आधी सगळं कागदावर येऊ द्या. किती ॲप, किती मित्र, किती ऑफिसातले सहकारी. पहिल्या बैठकीत तो निम्मंच सांगेल. दुसरी बैठक घ्या, तिसरी घ्या. यादी बाबांपुढे, आजोबांपुढे, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसापुढे ठेवा. फेडायचं ते त्याच्या पगारातून, हप्त्यानं, लांबलं तरी चालेल. धमक्या येत असतील, फोटो बदलून पाठवत असतील, तर १९३० या सायबर क्रमांकावर आणि पोलिसांत तक्रार करा. अब्रूच्या भीतीनं दिलेला प्रत्येक रुपया पुढची धमकी विकत घेतो.

आणि उपचार. नौपाड्यातल्या माणसाला याबाबतीत सबब नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपली ‘आयपीएच’, हरिनिवासपाशी, हाकेच्या अंतरावर आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. विचारांची आणि वागण्याची घडी बदलणारी उपचारपद्धती या विकारात उपयोगी पडते. चूक करायच्या आधीचा तो थबकण्याचा क्षण माणसाला पुन्हा शिकता येतो. महिने लागतात, मधे घसरण होते, पुन्हा उभं राहावं लागतं. दारूच्या व्यसनाबाबत ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून महाराष्ट्राला हे शिकवलं आहे की व्यसन हा आजार आहे आणि त्यात कुटुंबालाही उपचार लागतात. मोबाइलच्या बाबतीत आपण तो धडा अजून गिरवलेला नाही. दारू पिऊन आलेल्या मुलाला आपण डॉक्टरकडे नेतो, गेममध्ये बुडालेल्याला आपण काकांकडून समज देववतो.

एक गोष्ट थांबून सांगतो. मुलगा ‘माझ्यामुळेच सगळं झालं, मी नसलेलो बरा’ असं एकदा जरी बोलला, तर ते नाटक समजू नका. त्या रात्री पैशांचा विषय काढू नका, त्याला एकटं सोडू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मदत मागा. कर्ज फिटायला वर्षं लागली तरी चालतील.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: पुढचा हप्ता गुपचूप भरायच्या आधी मुलाला घेऊन डॉक्टरकडे जा. जायचा धीर होत नसेल तर आधी फोन करा. सरकारच्या ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.